हाकबोंगची लाल मिरची

हाकबोंग डोंगर उंच किती, तर तीनशे बारा मीटर. पायथ्याच्या वसाहतीतल्या चार इमारती एकावर एक ठेवल्या की डोंगर संपला. पण शनिवारी सकाळी छांग-ग्यूला दाराबाहेर पडताना पाहिलं असतं, तर कुणालाही वाटलं असतं की हा माणूस हिमालयात निघालाय आणि परत यायचा काही भरवसा नाही. पायात बर्फावरचे बूट, दोन्ही हातांत महागड्या काठ्या, पाठीवर एवढी थोरली पिशवी की लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं. पिशवीत काय? तर किंबापच्या, म्हणजे समुद्री शेवाळात वळलेल्या भाताच्या, दोन गुंडाळ्या, चार काकड्या आणि माकगोल्लीच्या तीन बाटल्या. तांदळाची ती पांढरी दारू माथ्यावर बसून प्यायची, राजकारणावर घसा फोडायचा आणि तीन वाजता लाल नाकाने घरी यायचं, ह्याला 'निळे मेघ गिर्यारोहण मंडळ' म्हणत. छांग-ग्यू त्याचा अध्यक्ष.

"चाललो गं," स्वारी दारातून ओरडायची.

"या," आतून ओक-बुन म्हणायची.

ओक-बुन म्हणजे त्याची बायको, वय वर्षं त्रेसष्ट. तीस वर्षं तीही मंडळाबरोबर देशभरचे डोंगर चढली होती. पण सभासद म्हणून नव्हे, डबा म्हणून. तो पुढे काठ्या आपटत, सेक्रेटरी युकच्या खांद्यावर हात टाकून, आणि ती मागे सगळ्यांचं जेवण पाठीवर घेऊन. अनोळखी डोंगर, अनोळखी वाट. धाप लागली की ती विचारायची, "अहो, अजून किती?" आणि तो मागे न बघता म्हणायचा, "आलंच. पाच मिनिटं." आता हे खोटं आमच्याकडे डोंगरावर सगळेच बोलतात. उतरणारा चढणाऱ्याला धीर द्यायला हेच सांगतो, आणि चढणाऱ्यालाही ते खोटं गोड लागतं. छांग-ग्यूच्या पाच मिनिटांत मात्र धीरबीर काही नसायचा. गप चाल, एवढाच त्याचा अर्थ.

अशी पाच पाच मिनिटं करता करता तिच्या गुडघ्यातली गादी झिजून गेली. डॉक्टर म्हणाले, "उतार चालणं कायमचं बंद. पोहा, नाहीतर सायकल चालवा." छांग-ग्यू दवाखान्यातच हसला. "ह्या वयात सायकल! लोक काय म्हणतील? घरी बस, नाटकं बघ टीव्हीवर." आणि पुढच्या शनिवारपासून तिने पहाटे उठून किंबाप वळायचे, त्याला डबा बांधून द्यायचा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगराकडे बघत बसायचं, असं ठरून गेलं. ठरवलं कुणी? कुणी नाही. तिच्या घरात अशा गोष्टी आपोआपच ठरायच्या.

तीन वर्षं तिने खिडकी सोसली. चौथ्या वर्षी मार्चमध्ये ती बाजारात जायला टोपलीवाली साधी सायकल घ्यायची म्हणून सोन-हीच्या दुकानात गेली. सोन-ही पन्नाशीची, पूर्वी शाळेत खेळाची बाई होती, आवाज अजून मैदानातलाच. तिने टोपलीवाली सायकल दाखवलीच नाही.

"ताई, डोंगर आवडतो ना? मग ही घ्या. जाड चाकं, बॅटरीचा जोर. पायडल तुम्हीच मारायचं, पण मागून कुणीतरी हात लावल्यासारखं वाटेल."

"मागून कुणी हात लावलाय, असं तीस वर्षांत कधी झालं नाही बाई," ओक-बुन म्हणाली आणि बसली.

त्या दिवसापासून शनिवार तिचा झाला. नवरा साडेआठला गेला की पावणेनऊला ती निघायची. घरी सांगायचं, गरम पाण्याच्या सार्वजनिक स्नानघरात जाते. सायकल दुकानात, कपडेही दुकानातच. स्नानघरातून आलेल्या बाईच्या नखांत चिखल कसा, हा प्रश्न छांग-ग्यूला आठ महिन्यांत एकदाही पडला नाही. प्रश्न पडायला आधी बघावं लागतं.

आता कुणी म्हणेल, एकाच डोंगरावर आठ महिने, आणि नवऱ्याने बायकोला ओळखलं नाही? आमचा डोंगर न पाहिलेला माणूसच असं म्हणेल. उन्हाने कातडी काळवंडू नये म्हणून बायका डोळ्यांच्या खालपासून गळ्यापर्यंत फडकं ओढून घेतात, वर काळा गॉगल, वर टोपी नाहीतर हेल्मेट. पुरुषही आता तेच करतात. सख्खी जाऊ समोरून आली तरी बुटांवरून ओळखावी लागते. ओक-बुनने सोन-हीकडून लाल सदरा आणि लाल फडकं घेतलं होतं. बूट नवे होते. संपलं.

आणि निळे मेघ बघायला मिळाले ते तिथे, सायकलवरून. मागून चालताना फक्त पाठी दिसायच्या. आता समोरून सगळं ध्यान दिसायला लागलं. सहा सहा जण हात पसरून वाट अडवून चालणार. युकच्या कमरेला रेडिओ, त्यावर रडकी गाणी अशा आवाजात की खारी झाडं सोडून पळाव्यात. संत्र्याची सालं फेकणार ती झाडाच्या बुंध्याशी, म्हणे खत होतं. चेस्टनट पडायला लागली की ह्यांच्या त्या थोरल्या पिशव्या भरून वाहणार, आणि वर दुसऱ्यांना सांगणार, निसर्ग जपा. ओक-बुनला वाटायचं, ह्यांना मी तीस वर्षं जेवू घातलं?

सायकलवाले म्हणजे काही साधुसंत होते असं नाही. शहरातून गाड्यांवर सायकली लादून येणारी काही टगी पोरं उतारावरून बाण सुटल्यासारखी यायची, म्हातारी बघायची नाहीत की मूल. त्यांना ओक-बुन स्वतः अडवायची. "अरे ए, घरी आजी आहे की नाही तुला?" पण ती स्वतः आणि सोन-हीची मंडळी चालणारा दिसला की थांबायची, पाय टेकवायची, मान लववायची. छांग-ग्यूसमोरही तिने आठ महिने मान लववली. घरी लववत होती त्यापेक्षा सोपंच होतं ते, इथे निदान खाली बघून हसता यायचं.

त्याच्या डोळ्यांत मात्र तीच सलायची. रात्रीच्या जेवणाला बसलं की सुरू.

"आज पुन्हा ती लाल मिरची भेटली."

"कोण हो?" ती सूप वाढता वाढता विचारायची.

"तो सायकलवाला! कुणीतरी रिकामटेकडा. नोकरी नसणार. बायको बिचारी घरी कपाळ बडवत असणार."

"बाईमाणूस असेल कदाचित."

"हॅ! बाईच्या अंगात एवढी धमक असते का? तू म्हणजे ना!" आणि किमचीचा, तिखटात मुरवलेल्या कोबीचा, तुकडा तोंडात टाकून तो वर म्हणायचा, "तुला घरात बसून काय कळणार."

हे ऐकून तिला संताप यायला हवा होता. येत नव्हता. तिला आतल्या आत उकळ्या फुटायच्या. ताटाशी बसलेला हा माणूस जगाला अक्कल शिकवतोय आणि ह्याला समोरची बाई दिसत नाही, ह्यात जी मजा होती ती कुठल्या टीव्हीच्या नाटकात नव्हती. कीव तर तिला मुळीच आली नाही.

मजा संपली ती ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी.

चेस्टनटच्या वळणावर वाट हातभर रुंद आहे, एका बाजूला दगडी उतार. निळे मेघ समोरून आले. ती थांबली, पाय टेकवला, मान लववली. पाच जण गेले. छांग-ग्यू शेवटचा. तो पुढे गेला असं वाटून तिने पायडलवर पाय दिला, आणि त्याने मागे वळून हातातली काठी सरळ तिच्या पुढच्या चाकाच्या तारांत घातली.

ती उजव्या कोपरावर आपटली. दगडावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. युकने गंमत ऐकू यावी म्हणून रेडिओ बारीक केला. छांग-ग्यू तिच्या तोंडावर वाकला, इतका की माकगोल्लीचा आंबूस वास आला.

"आईबापांनी काही शिकवलं नाही का रे? डोंगर तुझ्या बापाचा आहे?"

हात द्यायला कुणी पुढे आलं नाही. तिने तोंड उघडलं नाही. आवाज बाहेर पडला असता तर सगळंच बाहेर पडलं असतं. त्याच्या गॉगलच्या काचेत तिला एक लाल ठिपका दिसला. ती तेवढीच होती त्याला. तीस वर्षं तेवढीच होती.

संध्याकाळी ती डाव्या हाताने सूप वाढत होती.

"हाताला काय झालं?" त्याने विचारलं.

"स्नानघरात पाय घसरला."

"बघून चालावं जरा. बरं, आजची गंमत ऐक! लाल मिरचीला लोळवला. एका काठीत! असा पडला म्हणून सांगू…" आणि तो इतका हसला की सूप नाकात गेलं. तिने त्याच्या पाठीवर थापटलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच थापटलं नाही, आणि तेही त्याच्या लक्षात आलं नाही.

हसणं एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित ती गप्पही बसली असती. पण अध्यक्षांना आता डोंगर साफ करायचा होता. वॉर्ड कार्यालयात त्यांनी सायकलबंदीचा अर्ज दिलाच होता. कार्यालयाने कळवलं की वाट सगळ्यांची आहे. कुणाला इजा झाल्याची लेखी तक्रार असेल तरच बंदीचा विचार होईल, बुधवारी दोन्ही बाजूंनी सभेला यावं. झालं! छांग-ग्यूने कपाटातून मनगटाची जुनी पट्टी शोधून काढली.

"अगं, कागद घे. तुझं अक्षर चांगलं आहे. लिही." लग्नाआधी ती शाळेच्या कचेरीत दाखले लिहायची, आणि लग्नानंतर ह्याची सगळी पत्रं. "सव्वीस ऑक्टोबर रोजी सकाळी चेस्टनटच्या वळणावर लाल कपड्यातल्या सायकलस्वाराने भरधाव येऊन मला धडक दिली. मी पडलो. माझ्या हाताला…"

"कुठल्या हाताला?"

"डाव्या. नको, उजव्या लिही. उजवा जरा गंभीर वाटतो."

तिने लेखणी थांबवली. "खरंच धडकला होता का हो तो?"

"धडकला नाही, पण धडकला असता ना! चांगल्या कामासाठी एवढं चालतं. युक साक्षीदार म्हणून सही करतोय."

"आणि तो पडला, त्याला लागलं असेल, त्याचं काय?"

"लागलं तर लागलं. असल्यांना काही होत नाही. लिही तू."

तिने लिहिलं. कोपर ठणकत होतं तरी एक अक्षर वाकडं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोन-ही तिच्या कोपरावर मलम चोळत म्हणाली, "ताई, बंदी आली तर माझं दुकान काही बुडत नाही. शहरात रस्ते आहेत, पोरं आहेत. तुमचं काय?"

तिचं काय, हे ओक-बुनला नीट ठाऊक होतं. रस्त्यावर मोटारींच्या मधे ती ह्या जन्मात सायकल घालणार नव्हती. डोंगर गेला की पुन्हा खिडकी. पहाटेचे किंबाप, बांधलेला डबा, "चाललो गं", आणि मग मरेपर्यंत तीच खिडकी. आणि हे सगळं तिने स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं. पण जे खरं घडलं ते सांगायचं, तर ते चारचौघांत सांगावं लागणार, नवऱ्याला तोंडघशी पाडावं लागणार, आणि मग त्याच घरात, त्याच ताटाशी बसावं लागणार. सोन-हीने काही सल्ला दिला नाही. लाल फडकं धुऊन घडी करून तिच्या हातात दिलं.

बुधवारी दुपारी सभेला निळे मेघ झाडून सगळे आले, तेही डोंगरावरच्या पोशाखात. वॉर्डाचं सभागृह दुसऱ्या मजल्यावर, तरी काठ्या घेऊन! समोर सोन-हीची सात-आठ माणसं. मधे कार्यालयातली एक तरुण अधिकारीण, चेहऱ्यावर 'चार वाजेपर्यंत आटपा' असा भाव. ओक-बुन अध्यक्षांची पत्नी म्हणून आली होती. म्हणजे तांदळाच्या वड्यांची ताटं घेऊन. ती वड्या वाटत होती आणि सगळे तिच्याकडे न बघता उचलत होते.

छांग-ग्यूने भाषण केलं. डोंगराचं पावित्र्य झालं, ज्येष्ठांचा मान झाला, आजकालची पिढी झाली. मग त्याने पट्टी बांधलेला हात वर केला. सभेत 'अरेरे' झालं. युक म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलंय हो. अध्यक्ष गडगडत गेले."

"लेखी तक्रार वाचून दाखवा," अधिकारीण म्हणाली.

आता मेख अशी की छांग-ग्यूला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चारचौघांत चष्मा लावला तर गिर्यारोहक म्हातारा दिसतो म्हणून तो कधी लावायचा नाही. लग्नकार्य असो, मंडळाची सभा असो, वाचायचं काम बायकोचं. त्याने सवयीने कागद तिच्यापुढे धरला. "वाच गं."

ओक-बुनने हातातलं ताट खाली ठेवलं, हात पुसले आणि वाचलं. सव्वीस ऑक्टोबर. चेस्टनटचं वळण. भरधाव. धडक. उजवा हात. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून ती म्हणाली, "हे अक्षर माझं आहे. मजकूर ह्यांचा. जसं सांगितलं तसं लिहिलं. आता जे झालं ते सांगते."

"अगं, वाचून झालं ना? बस आता," छांग-ग्यू हसत म्हणाला.

"सायकल थांबलेली होती. पाय टेकलेला होता. हे सगळ्यांत शेवटी होते. हे पुढे गेल्यावर सायकल निघाली, तर ह्यांनी वळून काठी चाकात घातली. ह्यांना खरचटलंसुद्धा नाही. उजवा हात लागला तो सायकलवाल्याचा. युकनी रेडिओ बारीक केला आणि हसले."

युकच्या तोंडातली वडी तोंडातच राहिली.

"काय बडबडतेस!" छांग-ग्यूचा आवाज चढला. "तुला काय माहीत? तू कुठे होतीस तिथे?"

"तुमच्या काठीच्या टोकाला."

तिने बाही वर केली. कोपरापासून मनगटाकडे हिरवी-पिवळी जखम गेली होती, वर खपली. मग तिने पिशवीतून लाल फडकं काढून वड्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. कुणाला समजलं नसेल तर म्हणून ते तोंडाला बांधलं, दोन क्षण नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा सोडलं.

मग कुठूनतरी कुणीतरी फिस्स केलं. निळ्या मेघांमधूनच. एकाचं दुसऱ्याला लागलं आणि काठ्या धरून बसलेली ती हिमालयातली माणसं खांदे हलवत हसायला लागली. ज्या अध्यक्षासाठी खोटी सही करायला तयार होती, त्याच अध्यक्षाला! ओक-बुनला त्यांची इतकी किळस आली की घटकाभर नवरा बरा वाटला. घटकाभरच.

"अध्यक्षसाहेब," अधिकारीण म्हणाली, "तक्रार ठेवायची की मागे घ्यायची?"

छांग-ग्यूला उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. युक उभा राहिला. "मॅडम, मला आधीपासूनच शंका होती," तो म्हणाला, आणि साक्षीदाराच्या रकान्यातली आपली सही स्वतःच खोडायला पुढे गेला.

घरी जाताना छांग-ग्यू पुढे चालत होता, ती मागे. अर्ध्या वाटेत तो थांबला. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल, निदान हाताची विचारपूस करेल.

"आठ महिने," तो म्हणाला. "आठ महिने मला मूर्ख बनवलंस."

"मी कशाला बनवू? मी नुसती समोरून जात होते," ती म्हणाली.

बंदी आली नाही. डोंगराच्या तोंडाशी वॉर्डाने पाटी लावली: चालणारा दिसताच सायकलस्वाराने थांबावं, पाय टेकवावा, चालणाऱ्याने काठीचं टोक जमिनीकडे ठेवावं. ही काठीची ओळ देशात दुसऱ्या कुठल्या पाटीवर असेल असं वाटत नाही. लोक तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. निळ्या मेघांनी नवा अध्यक्ष निवडला. कोण, ते सांगायला नको. त्याचा रेडिओ आता आणखी मोठा आहे.

छांग-ग्यू अजूनही शनिवारी जातो, पण एकटा. पहाटे किंबाप वळणं ओक-बुनने बंद केलं. भांडण नाही, आदळआपट नाही. विचारलं ते सांगते, वाढायचं ते वाढते, एवढंच. तो कोपऱ्यावरच्या दुकानातला प्लास्टिकमधला गार किंबाप घेतो आणि अर्धा टाकून देतो.

एप्रिलमध्ये चेस्टनटच्याच वळणावर दोघं समोरासमोर आली. तो दगडावर बसून धापा टाकत होता, पिशवी बाजूला, काठ्यांची टोकं जमिनीकडे. ती नियमाप्रमाणे थांबली. पाय टेकवला. मान लववली नाही.

त्याने वर बघितलं. ह्या वेळी बूट बघून नव्हे, सरळ चेहऱ्याकडे, म्हणजे जेवढा दिसत होता तेवढ्याकडे. दाढीचे खुंट वाढले होते. डोळे केविलवाणे झाले होते, आणि तिला ठाऊक होतं की हा माणूस आता माफी मागेल की काय असं वाटायला लावतो आणि मागत नाही.

"अगं," तो म्हणाला, "अजून किती दिवस चालायचं हे?"

ओक-बुनने पायडल वर घेतलं.

"झालंच," ती म्हणाली. "पाच मिनिटं."

आणि मागे न बघता ती चढाला लागली.